वीतभर आखूड

— नाही नाही, फादर, हलू नका, हात असेच आडवे धरा — हं, असे — तुम्ही तर रोज समोर क्रूसावर बघता, जमेल तुम्हाला. कमरेपासून काखेपर्यंत टाचण्या लावल्यात मी, जरा वळलात की टोचणार, आणि पाद्र्याला भोसकल्याचं पाप माझ्या माथी. मानही हलवू नका, मान हलली की खांदा हलतो आणि खांदा हलला की माझं माप गेलं. तुम्ही नुसतं ऐका. दर रविवारी आम्ही बाकावर गप्प बसून तुमचं ऐकतो, आज तुम्ही स्टुलावर उभे आणि बोलणार मी. तर काय म्हणत होते — हां. भोपळे सडके होते, हे कुठं लिहिलंय?

नाही, भोपळे असंही नाही लिहिलेलं, ते मी म्हणतेय. पण तुम्ही गेल्या रविवारी काय सांगितलंत? जगातले पहिले आईबाप, त्यांचे पहिले दोन मुलगे, थोरला शेतकरी, धाकटा मेंढपाळ. दोघांनी देवाला अर्पण आणलं — थोरल्यानं शेतातलं पीक, धाकट्यानं कळपातलं कोकरू. देवानं धाकट्याचं घेतलं, थोरल्याच्याकडे ढुंकून बघितलं नाही. थोरल्याचं डोकं फिरलं, त्यानं भावाला शेतात नेलं आणि संपवला. इथपर्यंत ठीक, लहानपणापासून ऐकतेय. पण पुढं तुम्ही म्हणालात की थोरल्यानं उरलंसुरलं आणलं होतं, हाताला लागेल ते उचललं होतं, मनापासून नव्हतं. फादर, मी घरी जाऊन चष्मा लावून दोनदा वाचलं. उरलंसुरलं म्हणून एक अक्षर नाही. धाकट्यानं चांगलंचुंगलं निवडून आणलं असं आहे, ते मान्य — पण म्हणून थोरल्याचं सडकं होतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं? तुम्ही होतात तिथं? देवाची बाजू घ्यायची म्हणून गरीब माणसाचा माल नासका ठरवायचा, हे काही बरोबर नाही.

आणि जरा जमिनीचा विचार करा की. बापानं नको ते फळ खाल्लं, शाप कोणाला? जमिनीला. काटेकुटे उगवतील म्हणाला देव, घाम गाळल्याशिवाय घास मिळणार नाही म्हणाला. बरं, त्या काट्याकुट्यांत हा थोरला राबला, घाम गाळला, अगदी देवानं सांगितला तसाच गाळला, आणि पीक काढून घेऊन आला. धाकटा काय करत होता? मेंढरांच्या मागं हिंडत होता. मेंढरं आपली आपण चरतात, आपली आपण वितात, यानं मेहनत काय केली, शिट्टी वाजवली? — उजवा हात जरा खाली. एवढा नाही. — तरी त्याचं घेतलं. का, तर मला विचाराल तर सोपं आहे. आगीवर भोपळा ठेवा आणि शेजारी कोकरू ठेवा चरबीसकट, आणि बघा कशाचा वास वर जातो ते.

हसू नका, टोचेल. सांगितलं ना.

मला राग त्याचा नाही की परत केलं. परत करावं, गिऱ्हाइकाचा हक्क आहे. इतकी वर्षं कात्री चालवतेय, काय कमी कपडे परत आले असतील? पण गिऱ्हाईक कारण सांगतं हो! काखेत काचतंय, गळा मोठा झालाय, बटण काजात जात नाही — काहीतरी सांगतं. मी उसवते, नीट करते, देते. आणि देव काय म्हणाला थोरल्याला? तोंड का पाडलंस म्हणाला. चांगलं वागलास तर तुझंही घेईन म्हणाला. चांगलं म्हणजे काय, ते सांग ना! कुठं सैल आहे, कुठं घट्ट आहे? बोलायचं नाही आणि वर विचारायचं, राग का आला. असं गिऱ्हाईक माझ्या दुकानात आलं असतं तर मी टेप गळ्यात टाकून दार दाखवलं असतं.

काय? पिशवी? हो, बघितली, खुर्चीवर ठेवलीय ना तुम्ही, बघते नंतर. जुना झगा असेल मापाला आणलेला. अहो, मला जुन्याचं माप लागत नाही, माणूस समोर उभा असला की पुरे. तुमच्या या झग्याला तेहतीस बटणं लावायचीत मला, ठाऊक आहे ना? तेहतीस, प्रभूच्या वयाएवढी. बरं झालं बाई, शंभरीपर्यंत राहिला नाही, माझ्या बोटांची वाट लागली असती.

मला एवढं का झोंबलं म्हणता? — झोंबलं कुठं, सहज बोलतेय. तुम्ही नवीन आहात, पाच महिने झाले येऊन, तुम्हाला इथलं काय ठाऊक. मी थोरली आहे म्हणून असेल. आम्ही दोघी, मी आणि धाकटी. आमच्या आईला मी एक कोट शिवला होता. लोकरीचा, आतून अस्तर, कॉलर अशी बसलेली की बघत राहावं — पहिली मोठी शिलाई माझी. धाकटीनं त्याच हिवाळ्यात आईला स्वेटर विणला. एक बाही लांब, एक आखूड. आई तो स्वेटर मरेपर्यंत घालत होती. लांब बाही दुमडून घालायची. आणि माझा कोट? कपाटात, प्लॅस्टिकमध्ये. किती छान झालाय, म्हणायची, जपून ठेवते. आई गेल्यावर कपाट उघडलं तर कोट तसाच, खिशाचे कच्चे टाकेसुद्धा कोणी काढले नव्हते. आता तुम्ही सांगा, जपून ठेवते म्हणजे काय झालं? परतच केला ना? गोड बोलून केला एवढंच.

असो. आईचं जाऊ दे. वेदीवरच्या कापडाचं सांगते, ते तुम्हाला उपयोगी आहे. अकरा वर्षं झाली. तुमच्या आधीचे म्हातारे फादर होते तेव्हा. त्यांनी एका रविवारी सांगितलं, वेदीवरचं कापड विरलंय, कोणाला नवं द्यावंसं वाटलं तर द्या. झालं, माझ्याकडे सगळ्यांनी माना वळवल्या — वळवणारच, गावात दुसरं कोण आहे? मी लिननचा तागा आणला. आधी रात्रभर भिजवला, सुकवला, इस्त्री केली, मग कात्री लावली. चार महिने, फादर. चारही कोपरे दुमडून असे जुळवले की जोड कुठाय ते मलाच सापडेना. कडेनं धागे काढून जाळी केली, मध्ये द्राक्षांचा वेल, गव्हाच्या ओंब्या, पांढऱ्यावर पांढरा दोरा. डोळे गेले माझे त्या वेलावर. आणि ज्या दिवशी घेऊन गेले त्या दिवशी बघते तर धाकटी दारात उभी. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. म्हणते, ताई, मीपण केलंय गं एक, हसू नकोस हं.

ती नर्स. सरकारी दवाखान्यात, जखमा बांधायची. शिवणाचा आणि तिचा संबंध तेवढाच, माणसाच्या कातडीपुरता. टाके तसेच होते हो — बघून वाटावं की आठ दिवसांनी काढायचेत! कड नागमोडी. पेन्सिलची रेघ पुसायची राहिलेली. आणि बोटाला सुई टोचून घेतलेली असणार, एका कोपऱ्यात रक्ताचे तीन ठिपके, तपकिरी पडलेले. मला आतून एवढं बरं वाटलं ते बघून, खोटं कशाला बोलू. म्हटलं, छान झालंय गं.

म्हाताऱ्या फादरनी दोन्ही उलगडली टेबलावर. माझ्या कापडावरून हात फिरवला, खूप वेळ फिरवला. मग धाकटीचं उचललं, छातीशी धरलं आणि आत घेऊन गेले. बाहेर आले, माझ्या कापडाची घडी केली, माझ्या हातात दिली. म्हणाले, हे अजून पुरं झालेलं नाही.

पुरं झालेलं नाही! माझं! ज्याच्या एका टाक्यावर दुसरा टाका मोजून घातलाय ते! आणि ते रक्ताळलेलं, रेघोट्यांचं फडकं पुरं झालं होतं? — बरोबर आहे, देवाला रक्त लागतं, कोकरू असो की नर्स. द्राक्षांच्या वेलातून कुठं रक्त येतं? मी घरी येऊन भिंग घेऊन बसले. सगळे टाके तपासले. आठ दिवसांनी लक्षात आलं, एका कोपऱ्याला मागून मी दुकानाचं लेबल लावलं होतं. सवय हो, कपडा झाला की हात आपोआप जातो. नाव, पत्ता, फोन नंबर. म्हटलं, सापडलं, हेच असणार, देवाच्या टेबलावर जाहिरात कशी चालेल. उसवून टाकलं. तेव्हा लगेच नेलं नाही मात्र. नंतर नेलं. ते सांगते पुढं.

काय तुम्ही सारखं पिशवी पिशवी करताय? बरं, बघते. बघते म्हटलं ना, तुम्ही उतरू नका स्टुलावरून, मी घेते. —

हे तुम्ही कशाला आणलंत?

नाही — ओळखलं, ओळखणार नाही का. हे बघा ठिपके. कुठून — वेदीवरून काढून आणलंत? कोणी सांगितलं? धाकटीनं? ती आली होती तुमच्याकडे? ती तर चर्चला येतच नाही, अकरा वर्षं पायरी चढली नाही. — काय म्हणाली? हळू सांगा, टाचणी आहे तिथं. — हं. — हं. — मुलाकडे जातेय कायमची, ते ठाऊक आहे मला, सोमवारी जाणार. फोनवर सांगितलं तिनं. आम्ही बोलतो, भांडण नाही आमचं काही. हवापाणी, गुडघे, असलं बोलतो. — म्हणजे जायच्या आधी एकदा रविवारी यायचंय तिला, पण हे कापड वेदीवर असताना यायची लाज वाटते? काढून टाका म्हणाली? आणि तुम्ही म्हणालात, काढत नाही, तुमच्या ताईंकडून जोड लावून लांब करून घेतो. वा. चांगली कल्पना आहे. मला विचारलं असतंत तर —

माप चुकलं होतं तिचं? असं म्हणाली ती? अहो फादर, माप चुकलेलं कापड असं दिसतं होय? तुम्ही पाद्री, तुम्हाला नाही कळणार, इकडे बघा, मान नका हलवू, डोळे नुसते खाली करा. हे धागे बघा. किती जवळ जवळ आलेत. कापडाची वीण एवढी घट्ट कधीच नव्हती. आणि ही कड बघा, टाक्याटाक्याला गोळा झालीय, दोरा आटला नाही आणि कापड आटलंय. हे आखूड कापलेलं नाही, हे आटलेलं आहे. कोरं कापड होतं, तिनं भिजवलंच नव्हतं आधी, तिला कुठलं ठाऊक, दवाखान्यात बँडेज कोण भिजवतं कापायच्या आधी? तरीसुद्धा नुसत्या गार पाण्यात धुतलं असतं तर बोटभर आटलं असतं, कोणाला दिसलंही नसतं. एवढं वीतभर आटायचं म्हणजे सरळ चुलीवर ठेवून खळाखळा उकळलेलं —

थांबा, तुमच्या खांद्याची टाचणी निसटली. निसटली नाही? मला वाटलं निसटली.

कोणी उकळलं म्हणजे? कोण उकळणार. वेदीची कापडं धुवायची पाळी असते आम्हा बायकांची, महिन्यामहिन्याला, दाराला यादी लावलेली असते. त्या महिन्यात जिची असेल तिनं उकळलं. पांढरं कापड उकळतातच, कोणालाही विचारा. यादी कुठं असेल आता, अकरा वर्षांपूर्वीची.

माझी होती.

असं बघू नका. माझी होती पाळी, कापड देऊन तीनच आठवडे झाले होते, वेदीवर घालायच्या आधी एकदा धुवायचं होतं. घरी आणलं, हातात घेतलं, आणि हाताला लगेच कळलं. खळ होती अजून आत. कोऱ्या कापडाचा करकरीतपणा असतो ना, तो. माझ्या हाताला कळणार नाही असं होईल का? अंधारात दिलं तरी सांगेन. मोठं भांडं चढवलं. पाणी उकळेपर्यंत शेजारी उभी होते, कापड हातात होतं. मला वेळ होता, फादर, भरपूर वेळ होता, पाणी काही लगेच उकळत नाही. मग घातलं. वरून काठीनं ढवळलं.

रविवारी पहिल्यांदा वेदीवर घातलं तर एका बाजूनं वीतभर लाकूड उघडं. धाकटी पहिल्या बाकावर बसली होती, नवी साडी नेसून, आपलं कापड बघायला. प्रार्थना संपल्यावर वेदीपाशी गेली, आणि माझ्याकडे आली, म्हणाली, ताई, टेप दे जरा. माझ्या गळ्यात होता, दिला. तिनं टेबल मोजलं, कापड मोजलं. परत मोजलं. आणि मग हसली, सगळ्या बायकांसमोर, म्हणाली, मला शाळेपासूनच मोजता येत नाही, बघा, देवाच्या कामातसुद्धा घोळ घातला मी. आणि टेप गुंडाळून माझ्या हातात दिला.

मी काय म्हणाले? मी म्हणाले, होतं असं कधी कधी.

एवढंच म्हणाले. त्यानंतर ती आली नाही. आधी म्हणायची ड्यूटी आहे, मग म्हणायची पाय दुखतात. म्हाताऱ्या फादरनी कापड काही काढलं नाही, तसंच ठेवलं, आखूडच्या आखूड, रोज उघड्या लाकडाकडे बघत प्रार्थना करायचे. मी लेबल काढलेलं माझं कापड घेऊन गेले, म्हटलं, आता तरी घ्या, ते पुरत नाहीये. त्यांनी घडीसुद्धा उलगडली नाही. विचारलं, बहीण कुठाय तुझी? मी म्हटलं, मला काय ठाऊक, मी काय तिच्यावर पहारा ठेवते? —

हो. आता कळतंय कोणासारखं बोलले ते. भाऊ कुठाय असं देवानं विचारलं तेव्हा तो थोरलाही हेच म्हणाला होता. तेव्हा नाही कळलं, तेव्हा नुसता राग आला. त्यांना ठाऊक होतं की काय कोण जाणे. गेले बिचारे, विचारायचीही सोय नाही. त्यांनी एकदाच सांगितलं, आधी तिच्याशी मिटव, मग ये. मी म्हटलं, मिटवायला भांडण कुठाय? आणि खरंच नव्हतं हो! तिला ठाऊकच नाही तर भांडण कसलं? त्या थोरल्यानं निदान सरळ दगड घातला डोक्यात, धाकट्याला कळलं तरी कोणी मारलं ते. माझी धाकटी अकरा वर्षं स्वतःलाच बोल लावत बसलीय. दवाखान्यात औषधसुद्धा दुसऱ्या नर्सला दाखवून मग द्यायची म्हणे — माझ्या मापाचा भरवसा नाही, म्हणायची. हे मला तिनं हसत सांगितलं होतं फोनवर. मी पण हसले.

जोड लावून देते की, त्यात काय. उद्या देते. माझं ते कापड आहेच कपाटात, त्यातलीच पट्टी कापते — नको? का नको? चांगली शिवेन, कळणारसुद्धा नाही. — मग काय करू म्हणता? तुम्ही सांगा तिला. तुमचं कामच आहे ते, असल्या गोष्टी सांगायचं. तुमचं ऐकेल ती. — नाही सांगता येणार? का? हा काय पापांगीकार झाला का, गुपित ठेवायला? मी गुडघ्यावर आहे ते तुमच्या झग्याच्या घेरासाठी, उगाच गैरसमज नको.

मला भीती वाटते, फादर. काय म्हणेल ती? शिव्या देईल तर बरं. ती शिव्या देत नाही. ती म्हणेल, असू दे ताई. असू दे म्हणाली तर मी काय करू? आणि नाही म्हणाली तर — नुसती गप्प बसली, ठेवून दिला फोन, सोमवारी गेली निघून. तर? तिलाही हक्क आहे, नाही का. कारण न सांगता परत करायचा.

द्या तो फोन. तिथं, मशीनशेजारी, कापडाच्या तुकड्यांखाली. नाही, तुम्ही नका वाकू, मीच घेते. — तुम्ही जा आता. बाहेर जा, फादर. टाचण्यांसकट जा, झगा घालूनच जा, पायरीवर उभे राहा, बसू मात्र नका. लोक बघतील तर बघू देत. दार ओढून घ्या. — वाजतोय.

— हॅलो? — मी. ताई. — नाही गं, गुडघे ठीक आहेत. बांधाबांध झाली? — बरं. — नाही, ऐक. मध्ये बोलू नकोस, मला एकदाच बोलता येईल. ते वेदीवरचं कापड. तुझं माप बरोबर होतं. — बरोबर होतं गं तुझं माप, इंचानइंच. मी उकळलं ते. मुद्दाम. — हो. मुद्दाम.

— हॅलो?

— ऐकतेयस ना? — बरं. नको बोलूस. मी धरलाय फोन.